यूव्ही इंडेक्स वर्षानुवर्षं मोजून नक्की काय कळतं?

उन्हाळी_पाखरू: फोनमध्ये रोज यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांच्या तीव्रतेचा आकडा दिसतो, आज ९ होता. पण दहावीस वर्षं हे मोजत बसायचं कशाला? ऊन तेच ना? आणि मी तर दिवसभर काचेच्या आतच असते, मला काय फरक पडतो

जुना_निरीक्षक: ऊन तेच, पण यूव्ही अडवणारा वरचा ओझोन, ढग, धूळ बदलते ना. ओझोन खाणाऱ्या रसायनांना आवर घालणाऱ्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोन सावरतोय, त्याचा जमिनीवर काय परिणाम होतो ते मोजल्याशिवाय कसं कळणार. खरी डोकेदुखी सेन्सरची असते, त्याची काच मळते, फिल्टर म्हातारा होतो आणि आकडे हळूहळू घसरतात, मग आपल्याला वाटतं ऊनच कमी झालं 😄 म्हणून सारखं कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचे आकडे खात्रीच्या मापाशी ताडून जुळवणं, करावं लागतं, ते चुकलं की दहा वर्षांचा डेटा पाण्यात.

त्वचाप्रेमी: काचेचं म्हणाल तर यूव्हीचे दोन प्रकार, त्वचा भाजणारं यूव्हीबी साधी काच बरंचसं अडवते, दुसरं यूव्हीए मात्र आत येतं आणि तेच खोलवर जाऊन सुरकुत्या पाडतं. २०१२ मध्ये एका मेडिकल जर्नलमध्ये ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता, २८ वर्षं गाडी चालवलेली, खिडकीकडचा डावा गाल असा लोंबलेला की दोन माणसांचे अर्धे चेहरे जोडल्यासारखं वाटतं.

उन्हाळी_पाखरू: बापरे. म्हणजे इंडेक्स कमी असला की यूव्हीए पण कमी असं नाही?

जुना_निरीक्षक: तसं धरून चालू नका. इंडेक्स मुख्यतः त्वचा लाल होण्याच्या हिशोबाने काढतात, त्यात यूव्हीबीचं वजन जास्त. खिडकीपाशी बसत असाल तर खुर्ची सरकवा आधी