अणुकामगाराचा फुफ्फुसाचा कॅन्सर म्हणजे ‘विडीच’?

खाडीकाठ
दोन दिवस सगळ्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय: “अणुवीज केंद्रातल्या माणसाला लागणारा किरणोत्साराचा डोस विमानप्रवासाइतकाच. फुफ्फुसाचा कॅन्सर झाला तर तो विडीमुळे. बाकी सगळा जैतापूरच्या प्रकल्पविरोधकांचा कांगावा.” वाचून संताप आला म्हणून इथे सविस्तर लिहितोय. फुकुशिमाच्या अपघातानंतर तिथे किरणोत्सार मोजायचं काम केलेला पन्नाशीतला एक कामगार फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेला. नोकरीतला एकूण डोस १९५ मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या परिणामाच्या हिशेबाने डोस मोजायचं एकक). २०१८ साली जपान सरकारने तो मृत्यू कामामुळे झाला असं मान्य केलं. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांहून जास्त अणुकामगारांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. रक्ताचे सोडून बाकीच्या, म्हणजे गाठीच्या कॅन्सरने मरण्याचा धोका एक ग्रे (शरीरात शिरलेल्या किरणांच्या ऊर्जेचं माप) डोसामागे ५२ टक्क्यांनी वाढतो, असा त्याचा निष्कर्ष. हे सगळे विडीवाले होते का?

निवृत्त_हेल्थफिजिक्स
५२ टक्के लिहिलंत, पण एक ग्रे म्हणजे हजार मिलिग्रे, आणि गॅमा किरणांपुरते मिलिग्रे नि मिलिसिव्हर्ट जवळपास सारखेच, हे वाचणाऱ्याला सांगा की. त्या अभ्यासात सरासरी डोस वीसेक मिलिग्रे होता, म्हणजे वाढ साधारण एक टक्का. आणि जपानचा निर्णय भरपाईचा आहे. शंभर मिलिसिव्हर्टच्या वर डोस आणि डोस लागल्यापासून आजारापर्यंत पाच वर्षं गेलेली असली, की संशयाचा फायदा कामगाराला मिळतो. चांगला नियम आहे, पण तो पुरावा नव्हे. माझी सगळी नोकरी कामगारांचे डोस मोजायच्या कामात गेली. सोबतचे कित्येक जण ऐंशी ओलांडून ठणठणीत आहेत.

खाडीकाठ
सरासरीआड लपू नका. तुमच्याच हिशेबाने १९५ वाल्याची वाढ दहा टक्क्यांच्या घरात जाते. आणि विडीचं म्हणाल, तर त्या अभ्यासवाल्यांनी फुफ्फुसाचा कॅन्सर वगळूनही गणित करून पाहिलं. धोका तसाच राहिला.

निवृत्त_हेल्थफिजिक्स
मग तो आकडा बाकीच्या कॅन्सरांचा झाला! फुफ्फुस वगळून काढलेल्या गणितावरून फुफ्फुसाबद्दल कसं बोलता? तिथे कोण किती ओढत होतं याची माणसागणिक नोंदच नव्हती.

जादुगोडा_रिटर्न
तुम्ही दोघंही बाहेरून लागणाऱ्या गॅमा किरणांवरच अडकलात. फुफ्फुसाचा खरा वैरी श्वासातून आत जातो. जर्मनीतल्या श्नीबर्गच्या खाणकामगारांच्या छातीचा आजार म्हणजे फुफ्फुसातली गाठ, हे १८७९ मध्येच लिहिलं गेलं. खाणीत रेडॉन हा किरणोत्सारी वायू असतो, त्यातून पोलोनियम होतं, ते श्वासनलिकांत बसून आतून अल्फा कणांचा मारा करतं. रशियात मायाक या प्लुटोनियमच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये डोस वाढला तसा फुफ्फुसाचा कॅन्सर वाढलेला स्पष्ट दिसतो. छातीवरच्या डोस मोजणाऱ्या बॅजला यातलं काहीही कळत नाही.

निवृत्त_हेल्थफिजिक्स
रेडॉन आणि प्लुटोनियमचं नाकारलंय कोणी? पण तारापूरची अणुभट्टी म्हणजे युरेनियमची खाण नव्हे. आणि पोटात-छातीत गेलेलं मोजायला लघवीची तपासणी आणि होल बॉडी काउंटर (शरीराच्या आतला किरणोत्सार मोजणारं यंत्र) असतो.

वॉर्डातली_ताई
काका, मी कॅन्सर वॉर्डात नोकरी केली आहे. फुफ्फुसाच्या पेशंटांत तंबाखूवालेच जास्त असायचे. शिवाय जन्मात विडीला हात न लावलेल्या, चुलीपुढे बसलेल्या बायकाही. त्यांच्यासाठी धागा कोण काढणार? विडी कारखान्यांवर बोला आधी!

जादुगोडा_रिटर्न
ताई, विडी आणि रेडॉन एकत्र आले की धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होतो. म्हणजे विडी ओढणाऱ्या खाणकामगाराला तर जास्त जपायला हवं. ‘विडी ओढायचा’ म्हणून फाईल बंद कशी करता?

कंत्राटी_फिटर
फाईल असली तर बंद होईल ना! माझा मेव्हणा शटडाऊनला, म्हणजे दुरुस्तीसाठी केंद्र बंद असताना, ठेकेदाराकडून जायचा. केंद्राचं नाव घेत नाही. पाइपलाइनवर काम, डोसाची मर्यादा भरत आली की घरी. किती लागला ते कागदावर त्याला कधीच मिळालं नाही. विचारलं की ठेकेदार म्हणायचा, लिमिटमध्ये आहे. व्यसन कुठलंच नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न, तंबाखू किती? दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

निवृत्त_हेल्थफिजिक्स
एका माणसावरून अख्खी व्यवस्था चोर ठरवू नका. मर्यादा आहेत: पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, एका वर्षात जास्तीत जास्त ३०. देशपातळीवर डोसाची नोंदवही आहे, तिच्यात कंत्राटी माणसंही येतात. रात्री-अपरात्री आम्ही हे बॅज सांभाळलेत. अपमान होतो असं बोललात की.

कंत्राटी_फिटर
अपमान तुमचा झाला. माझी बहीण विधवा झाली.

खाडीकाठ
साहेब, नोंदवहीत आहे ते मान्य. पण फिटरच्या बहिणीच्या हातात काय आहे? आपल्याकडे कामगार भरपाईच्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत किरणोत्सारामुळे होणारे आजार आहेत. पण डोसाचा कागदच नसेल तर दावा कशावर करायचा? ब्रिटनमध्ये १९८२ पासून अणुकामगारांसाठी वेगळी योजना आहे. आजार कामामुळे झाल्याची शक्यता २० टक्के ठरली तरी काही रक्कम मिळते, ५० टक्क्यांना पूर्ण. ‘विडी की डोस’ हा वाद घरच्यांना एकट्याने लढावा लागत नाही. असं इथे का नको?

वॉर्डातली_ताई
याला माझाही पाठिंबा. विडी ओढणाऱ्यालाही यातला वाटा मिळायला हवा.

निवृत्त_हेल्थफिजिक्स
भट्टीतल्या साध्या डोसाने फुफ्फुसाचा कॅन्सर सर्रास होतो, हे मी आजही मानत नाही. पण कंत्राटी माणसाला काम संपताना डोसाची सही-शिक्क्याची प्रत हातात मिळाली पाहिजे, एवढं खरं. फिटर, मेव्हण्याच्या बॅजचा नंबर कुठे लिहिलेला आहे का?

कंत्राटी_फिटर
जुना गेटपास आहे बहिणीकडे. त्यावर एक नंबर आहे, तोच का ते माहीत नाही.

निवृत्त_हेल्थफिजिक्स
इथे टाकू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अर्ज कोणाकडे करायचा ते शोधून मसुदा मी लिहून देतो.