ऑर्किड आणि डीस्पेस: साठ शिक्षकांच्या कॉलेजात सुरुवात कुठून करायची?

ग्रंथपाल_परळ

नमस्कार मंडळी. अनुदानित कॉलेज, तिन्ही शाखा, साठेक शिक्षक. प्राचार्यांनी दोन कामं ग्रंथालयाकडे सोपवली आहेत: सगळ्या शिक्षकांचे ऑर्किड (संशोधकाचा सोळा चिन्हांचा कायमचा ओळख-क्रमांक) आणि कॉलेजची रिपॉझिटरी (शोधनिबंध-प्रबंधांचं ऑनलाइन भांडार).

सध्या रिपॉझिटरीचं सॉफ्टवेअर डीस्पेस ६ आहे, तळमजल्यावरच्या लॅबमधल्या एका मशीनवर. साडेचारशेच्या आसपास नोंदी: शोधनिबंध, प्रबंध, स्कॅन केलेले जुने वार्षिकांक. प्रत्येक लिंकमध्ये १२३४५६७८९ हा आकडा येतो. गूगल स्कॉलरवर एकही नोंद सापडत नाही. ऑर्किडसाठी एक्सेल शीट फिरवली, चाळीस जणांनी क्रमांक भरले. काही ०००० ने सुरू होतात, काही ०००९ ने. दुसरे बनावट असावेत असं एका सरांचं म्हणणं.

विचारायचं ते असं. उरलेली खाती ग्रंथालयानेच उघडून दिली तर चालतील का? ज्यांची खाती आहेत त्यांचे पेपर तिथे आपोआप का येत नाहीत? डीस्पेस नव्याने बसवावं की आहे तेच रेटावं? आणि प्रकाशकाची पीडीएफ टाकली तर काही लफडं होईल का? वन नेशन वन सबस्क्रिप्शन (जर्नल वाचायला देणारी सरकारी योजना) आल्यावर रिपॉझिटरी हवीच कशाला, असाही एक सूर स्टाफरूममध्ये आहे.

८९१.४६

मॅडम, खाती तुम्ही उघडू नका. ऑर्किडच्या नियमांप्रमाणे खातं ज्याचं त्यानेच उघडायचं असतं. व्यवहारातही ते अंगलट येतं: ईमेल ग्रंथालयाचा, पासवर्ड ग्रंथालयाकडे, आणि शिक्षक दुसऱ्या कॉलेजात गेले की स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही. मग ते दुसरं खातं उघडतात आणि एका माणसाचे दोन क्रमांक होतात. असे दोन झालेच असतील तर खात्याच्या सेटिंगमध्ये दुप्पट नोंद काढण्याची सोय आहे. जुना क्रमांक मरत नाही, नव्याकडे वळतो.

दहा-दहा जणांना स्टाफरूममध्ये एकत्र बसवा. मोबाइलवर ईमेल उघडता आला पाहिजे, कारण ईमेलची पडताळणी झाल्याशिवाय नोंदीत हाताने काही भरता येत नाही. दोन ईमेल द्यायला लावा, एक कॉलेजचा आणि एक स्वतःचा. निवृत्तीनंतर कॉलेजचा ईमेल बंद होतो, तेव्हा दुसऱ्यावरून आत जाता येतं.

नावाकडे नीट बघा. आपल्याकडे परीक्षेच्या फॉर्मची सवय, त्यामुळे लोक आडनाव पहिल्या चौकटीत टाकतात. मग 'कदम वैशाली सुरेश' यांचं आडनाव जगाच्या लेखी 'सुरेश' होतं. 'या नावांनीही परिचित' असा रकाना आहे, तिथे व्ही. एस. कदम, लग्नाआधीचं नाव, देवनागरीतलं नाव, सगळं भरून घ्या. दृश्यमानता 'सगळ्यांना' ठेवायला सांगा. 'फक्त मला' ठेवली तर बाहेरची कुठलीच प्रणाली ती नोंद वाचू शकत नाही, आणि 'ऑर्किड आहे पण रिकामं आहे' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

०००९ वाले क्रमांक खरे आहेत. आयएसएनआय या आंतरराष्ट्रीय नाव-क्रमांकांच्या मालिकेतून ऑर्किडसाठी राखलेला तो दुसरा गट, नव्या खात्यांना तोच मिळतो. शंका बनावटपणाची नको, टायपिंगची घ्या. सोळावं चिन्ह हे तपासणी-अंक असतं. पहिले पंधरा अंक डावीकडून घ्या. प्रत्येक वेळी आतापर्यंतच्या बेरजेत अंक मिळवून दुप्पट करा. शेवटी ११ ने भागून उरलेली बाकी १२ मधून वजा करा. उत्तर १० आलं तर शेवटी इंग्रजी एक्स, ११ आलं तर शून्य, १२ आलं तर एक. ऑर्किडवाले स्वतः नमुन्याला वापरतात तो ००००-०००२-१८२५-००९७ घ्या: बेरीज १३१४ येते, बाकी ५, बारातून पाच गेले सात. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवलं की चाळीस क्रमांक मिनिटात तपासून होतात. पण रकाना आधी 'टेक्स्ट' करा. कुणी रेघा न देता क्रमांक टाकला की एक्सेल पुढची शून्यं खातं. आणि मराठी कीबोर्डवर देवनागरी अंक टाइप झाले असतील तर तेही बदला, तपासणीत ते अंक म्हणून धरले जात नाहीत.

पेपर आपोआप येण्यासाठी साखळी पूर्ण लागते. लेखकाने पेपर सादर करताना ऑर्किडने लॉगिन करून क्रमांक दिलेला हवा, प्रकाशकाने तो डीओआयच्या (पेपरच्या कायमच्या क्रमांकाच्या) मेटाडेटासोबत, म्हणजे शीर्षक-लेखक वगैरे माहितीसोबत, क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेला पाठवलेला हवा, आणि लेखकाने क्रॉसरेफला आपल्या नोंदीत लिहायची परवानगी दिलेली हवी. ही परवानगीची सूचना ऑर्किडच्या इनबॉक्समध्ये येते आणि तिथेच पडून राहते. आपल्याकडच्या कितीतरी नियतकालिकांना डीओआयच नाही, त्यांचं काही आपोआप येणार नाही. जुने पेपर 'सर्च अँड लिंक'मधून क्रॉसरेफ किंवा स्कोपस या शोधनिबंध-सूचीवरून ओढा, उरलेले बिबटेक (संदर्भयादीच्या) फाइलने चढवा.

एक खोच: संपादित पुस्तकातल्या प्रकरणाला पुस्तकाचा आयएसबीएन लावताना नातं 'याचा भाग' असं निवडा. 'स्वतः' ठेवलं तर त्याच पुस्तकातली त्याच लेखकाची तिन्ही प्रकरणं ऑर्किड एकच कृती समजून एकावर एक रचतं.

भरण्याचं काम शेवटी ग्रंथालयावरच येणार, हे आपण जाणतोच. त्यासाठी शिक्षकांनी तुम्हाला 'विश्वासू व्यक्ती' म्हणून जोडावं. तुमच्या स्वतःच्या ऑर्किडवरून त्यांच्या नोंदीत भर घालता येते, पासवर्ड मागावा लागत नाही. विद्वान आणि आयरिन्स या देशी संशोधक-सूच्यांवरची प्रोफाइल याच्यानंतर करा, म्हणजे तीच यादी तीनदा टाइप करावी लागणार नाही.

टर्मिनलवाला

डीस्पेसबद्दल. आणखी एकही नोंद चढवायच्या आधी तो १२३४५६७८९ काढा. डीस्पेस बसवल्यावर जागा भरायला येणारा तो आकडा आहे. तो तुमच्या नावावर नोंदलेला नाही, त्यामुळे हँडलची, म्हणजे नोंदीच्या कायमच्या पत्त्याची, लिंक तुमच्या सर्व्हरबाहेर उघडत नाही. आपल्याकडच्या निम्म्या रिपॉझिटऱ्या याच आकड्यावर बसल्या आहेत असं वाटावं इतका तो दिसतो. शोधगंगा या प्रबंधांच्या भांडाराच्या लिंकमध्ये १०६०३ दिसतो ना, तसा स्वतःचा प्रिफिक्स (हँडलच्या सुरुवातीचा आकडा) घ्या. वर्षाला थोडी डॉलरमध्ये फी असते. अकाउंट्स विभागाला परदेशी पेमेंट म्हणजे महाभारत, तेव्हा अर्ज आजच टाका.

प्रिफिक्स मिळाल्यावर: 'मेक-हँडल-कॉन्फिग' चालवा. त्यातून साइट-बंडलची झिप तयार होते, ती हँडलवाल्यांकडे पाठवायची. मग हँडल-सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'युअर नेमिंग ऑथॉरिटी' लिहिलेल्या सगळ्या जागी आपला प्रिफिक्स घाला. लोक पहिली जागा बदलतात आणि पुढच्या विसरतात. फायरवॉलवर २६४१ आणि ८००० हे पोर्ट बाहेरून उघडे हवेत. नंतर 'अपडेट-हँडल-प्रिफिक्स' कमांडला जुना आणि नवा आकडा द्या, ती हँडलच्या तक्त्यासोबत नोंदींमधले यूआरएलही बदलते. शेवटी 'इंडेक्स-डिस्कव्हरी' बी पर्यायासह, म्हणजे शोध-अनुक्रमणिका नव्याने बांधली जाईल. जुन्या लिंक कुणी उद्धृत केल्या असतील तर वेब-सर्व्हरवर जुन्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट ठेवा.

आता आवृत्ती. डीस्पेस ६ ला २०२३ पासून आधार नाही, सुरक्षेची दुरुस्ती येत नाही. ७ पासून रचना मुळातूनच बदलली: पुढचं तोंड अँग्युलरमध्ये नोडवर चालतं, मागची बाजू जावा, टॉमकॅट, पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि सोलर (शोधयंत्रणा). जुनं मशीन हे पेलणार नाही. ८ जीबी रॅमला किमान समजा, १६ घेतलीत तर शांत झोप लागेल. आणि लॅबच्या तळमजल्यावर ठेवू नका. परळात जुलैमध्ये काय होतं ते मी सांगायला नको.

हलवताना तीन गोष्टी घ्याव्या लागतात: पोस्टग्रेसचा डंप, असेटस्टोअरचं (चढवलेल्या फाइलींचं) अख्खं फोल्डर आणि सोलरची आकडेवारी. तिसरी हमखास राहते. शोधाची अनुक्रमणिका डेटाबेसमधून परत बांधता येते, पण कुठली नोंद किती वेळा पाहिली-उतरवली हे फक्त सोलरमध्ये असतं. ते 'सोलर-एक्सपोर्ट-स्टॅटिस्टिक्स'ने वेगळं काढलं नाही तर नॅकच्या (कॉलेज मूल्यांकनाच्या) फाइलसाठी आकडे मागतील तेव्हा शून्यापासून सुरुवात.

नव्या बसवणीत सगळ्यात जास्त वेळ खाते ती लॉगिनची अडचण. पान दिसतं, लॉगिन होत नाही, सीएसआरएफ किंवा कॉर्स या सुरक्षा-तपासणीची चूक येते. दहातल्या नऊ वेळा कारण यूआरएलचं असतं: कॉन्फिगमध्ये एचटीटीपी आणि ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस, किंवा 'डीस्पेस डॉट यूआय डॉट यूआरएल'च्या शेवटी राहिलेली तिरकी रेघ. दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं हवं.

गूगल स्कॉलरसाठी: पान उघडून मूळ सोर्स बघा. शीर्षक, लेखक आणि तारखेचे 'सायटेशन' टॅग तिथे दिसले पाहिजेत. ७ किंवा पुढच्या आवृत्तीत सोर्स रिकामा दिसला तर सर्व्हरवर पान घडवण्याची सोय बंद पडली आहे, ते चालवणाऱ्या पीएम२चा लॉग बघा. पीडीएफ ५ एमबीच्या आत ठेवा. आणि ती चित्रांची पीडीएफ नको, आत मजकूर हवा.

ऑर्किडशी जोडणी: ७.३ पासून संशोधक-प्रोफाइल आणि ऑर्किडने लॉगिन आहे. लॉगिनपुरती फुकटची पब्लिक एपीआय (दोन प्रणालींना जोडणारी सोय) पुरते. रिपॉझिटरीतून ऑर्किडवर नोंद लिहायची असेल तर मेंबर एपीआय लागते, म्हणजे सभासदत्वाची फी. साठ शिक्षकांसाठी ती भरू नये, माझं स्पष्ट मत.

ठाणे_स्लो

साडेचारशे नोंदींसाठी एवढा पसारा? झेनोडो या ऑनलाइन भांडारावर कॉलेजची कम्युनिटी उघडा. सर्न या युरोपातल्या संशोधन-संस्थेचं आहे, फुकट आहे, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा. प्रत्येक नोंदीला डेटासाइट या (क्रॉसरेफसारख्याच) संस्थेचा डीओआय मिळतो. लेखकाचा ऑर्किड टाकला आणि त्याने डेटासाइटला परवानगी दिलेली असली की नोंद ऑर्किडवर आपोआप जाते, मेंबर एपीआय नको की काही नको.

टर्मिनलवाला

मुद्दा मान्य. सर्व्हर सांभाळायला माणूस नसेल तर शोधनिबंध आणि डेटासाठी झेनोडोच बरं. फक्त ज्या पेपरला प्रकाशकाचा डीओआय आधीच आहे त्याला नवा घेऊ नका, चढवताना तोच जुना द्या. नाहीतर एका पेपरचे दोन डीओआय आणि उद्धरणं विभागलेली. प्रबंध आणि वार्षिकांकांसाठी मात्र विभागवार रचना, स्वतःचे रकाने आणि कॅम्पसपुरता प्रवेश लागतो. ते डीस्पेसमध्येच नीट होतं.

हक्क_आणि_परवाने

प्रकाशकाच्या पीडीएफबद्दल. प्रत्येक पेपरच्या तीन आवृत्त्या धरा: पाठवलेली, परीक्षणानंतर स्वीकारलेली, आणि छापील मांडणीची. सबस्क्रिप्शनच्या जर्नलमध्ये तिसरी सहसा टाकता येत नाही, दुसरी ठरावीक काळानंतर येते. स्प्रिंगरच्या बहुतेक जर्नलना हा काळ प्रकाशनापासून १२ महिने. जर्नलनिहाय नियम जिस्कच्या ओपन पॉलिसी फाइंडर या संकेतस्थळावर बघा. आपण ज्याला शेर्पा रोमिओ म्हणायचो तेच. म्हणून शिक्षकांना आत्ताच सांगून ठेवा: स्वीकृतीचं पत्र आलं त्या दिवशीची वर्ड फाइल ग्रंथालयाला पाठवा. दोन वर्षांनी मागितली तर ती कुणाच्याच लॅपटॉपवर सापडत नाही.

डीस्पेसमध्ये एम्बार्गो (ठरावीक काळाची बंदी) फाइलवर लावा, नोंदीवर नको. नोंदीवर लावला तर शीर्षक आणि सारांशही दडतात आणि वर्षभर कुणाला पत्ताच लागत नाही.

मराठी नियतकालिकांचं वेगळं. धोरण लिहिलेलं नसतं, पण बऱ्याचदा लेखकाने हक्क दिल्याचा कागदही नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क-हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणजे जुन्या लेखांवर कित्येकदा लेखकाचाच हक्क असतो. तरी संपादकांना दोन ओळींचं पत्र लिहून होकार घ्या आणि तो नोंदीसोबत बंद फाइल म्हणून ठेवा. वार्षिकांकांत विद्यार्थ्यांच्या कविता, पत्ते, फोन नंबर असतात. पत्त्यांची पानं उघडी ठेवू नका.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन १ जानेवारी २०२५ पासून आहे, पण ते वाचण्यासाठी. त्यामुळे इतरांचं साहित्य योजनेतल्या संस्थांना वाचायला मिळतं. तुमच्या शिक्षकाचा पेपर गडचिरोलीतल्या शिक्षकाला किंवा नैरोबीतल्या विद्यार्थ्याला उघडावा यासाठी ती योजना नाही.

ग्रंथपाल_परळ

खूप आभार सगळ्यांचे. प्रिफिक्सचा अर्ज उद्याच करते. एक राहिलं: मराठी विभागाचे प्रबंध. पीडीएफमध्ये मजकूर आहे असं दिसतं, पण कॉपी केला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. शोधात काहीच सापडत नाही.

८९१.४६

ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेत, श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी. डोळ्यांना मराठी, आत रोमन अक्षरं. मूळ वर्ड फाइल असेल तर फॉन्ट ओळखून कन्व्हर्टरने युनिकोड करा आणि नवी पीडीएफ बनवा. फाइल नसेल तर आतला मजकूर-थर पूर्ण टाकून द्यावा लागतो: ओसीआर-माय-पीडीएफ (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) 'फोर्स' पर्यायाने चालवा, भाषा मराठी अधिक इंग्रजी, ३०० डीपीआय. 'स्किप टेक्स्ट' दिलंत तर तो कचरा मजकूर समजून पान तसंच सोडतं. जोडाक्षरं आणि रफारात चुका राहतात, म्हणून शीर्षक, सारांश आणि विषयशब्द हाताने टाइप करा. शीर्षक देवनागरीत, पर्यायी शीर्षकात रोमन लिप्यंतर, भाषेच्या रकान्यात मराठीचा दोन अक्षरी संकेत.

टाइप करणारे एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांना एकच कीबोर्ड द्या. 'दऱ्या'तला ऱ दोन प्रकारे टाइप होतो आणि 'ॲ'ही दोन प्रकारे, एक अखंड अक्षर आणि दुसरं अ वर चंद्र. पडद्यावर सारखेच दिसतात, पण एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने टाइप केलेली नोंद सापडत नाही.