दडपे पोहे, कैरी घालून

उन्हाळ्यात सकाळी गॅसपाशी उभं राहवत नाही. चैत्र लागला की आमच्याकडे दडपे पोहेच. दोन वाट्या पातळ पोहे, वाटीभर ओलं खोबरं, कांदा, किसलेली कैरी, मीठ, किंचित साखर. नारळ फोडलाच आहे तर त्याचंच पाणी शिंपडायचं. हाताने कालवून वर ताटली, ताटलीवर वरवंटा, पंधरा मिनिटं. गॅस पेटतो तो हिंग-मिरचीच्या फोडणीपुरता. पापड मात्र खाताना चुरायचा, आधी चुरलात तर चामट होतो. लिंबू पिळणारे पिळोत बापडे, कैरीची मजा त्यात नाही! बशी घेऊन मागच्या पायरीवर बसायचं. कुंडीतल्या मोगऱ्याला काल पाच कळ्या होत्या, आज दोन उमलल्यात. चहा त्यानंतर, तोही अर्धाच कप.