लेव्होडोपाची चाचणी: 'फरक नाही' कधी म्हणायचं?

प्रश्न
मूल ७ वर्षांचं, वजन २० किलो. सकाळी बरं चालतं. संध्याकाळ झाली की डावं पाऊल आत वळतं, टाच टेकत नाही. एमआरआय नॉर्मल. लेव्होडोपा (मेंदूत ज्याचं डोपामाइन बनतं ते औषध) १०० मिग्रॅ + कार्बिडोपा २५ मिग्रॅची गोळी, रोज पाव, दोन आठवडे दिली. काहीच बदल नाही. बंद करून ट्रायहेक्सीफेनिडिल (डिस्टोनियावरचं, म्हणजे स्नायू आपोआप आखडून अवयव वळण्यावरचं, दुसरं औषध) सुरू करावं का?

उत्तर १
नको. पाव गोळी म्हणजे किलोमागे दिवसाला सव्वा मिलिग्रॅम, ही फक्त सुरुवात. दर आठवड्याला पाव गोळी वाढवा आणि तीन वेळांत विभागा. सात आठवड्यांत दिवसाला २ गोळ्या होतात, म्हणजे किलोमागे १० मिग्रॅ. तिथे महिनाभर थांबूनही काही नाही, तरच 'फरक नाही' लिहा. मधेच पाय सुधारला तर तोच डोस ठेवा. सेगावा (लेव्होडोपाने सुधारणारा आनुवंशिक डिस्टोनिया) असेल तर बहुधा थोड्या डोसवर भागतं.

पाठीतलं पाणी (मेंदू आणि मणक्याभोवतीचा द्रव) तपासायचं होतं तर ते औषधाआधी काढायला हवं होतं, कारण लेव्होडोपामुळे त्यातलं एचव्हीए (डोपामाइनपासून बनणारा पदार्थ) वाढलेलं दिसतं. जीसीएच१ची (सेगावाशी संबंधित जनुकाची) तपासणी मात्र आताही चालेल.

उत्तर २
बदल नाही हे व्हिडिओवरून ठरवलंत का? तो कधी काढला? सकाळचा असेल तर त्याला अर्थ नाही, सकाळी मूल तसंही बरंच असतं. संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, अनवाणी, तेवढंच अंतर चालवून काढा.

उलटी झाली तर मेटोक्लोप्रामाइड अजिबात नको. ते मेंदूतलं डोपामाइन अडवतं, डिस्टोनिया उलट वाढवतं. डोसची वाढ मंद करा. दूध आणि गोळी एकत्र नको, प्रथिनं शोषणात आडवी येतात.

प्रश्नकर्ता
गोळीचे चार भाग सारखे पडत नाहीत. निम्मा तर चुराच होतो.

उत्तर २
साधी गोळी १० मिली पाण्यात विरवा, नीट हलवा (तळाशी गाळ बसतो) आणि सिरिंजने लगेच २.५ मिली द्या. उरलेलं टाकून द्या. सावकाश विरघळणारी गोळी असेल तर हे करू नका.

उत्तर ३
डोस वाढवताना हातपाय वळवळायला लागले तर औषध फसलं म्हणून थांबवू नका. एक पायरी खाली या, मग आणखी हळू चढा. सेगावातही असं होतं.

ट्रायहेक्सीफेनिडिल आत्ताच जोडलं तर कशाने फरक पडला हे कळणार नाही. सेगावातही त्याने थोडं बरं वाटतं. पुढे द्यायची वेळ आलीच तर बद्धकोष्ठता, लघवी अडणं, धूसर दिसणं आणि चिडचिड आधीच नोंदवून ठेवा.