विजेच्या गाड्या, स्थानिक ठेके आणि वस्तीची एसटी : निवेदनात काय मागावे?

प्रश्न : खाडीपलीकडचा, राजापूर तालुका

नमस्कार. आमच्या प्रवासी मंडळातर्फे एसटीच्या विभाग नियंत्रकांना निवेदन द्यायचे ठरले असून त्याचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बैठकीत तीन मागण्या पुढे आल्या. तरुण मंडळींना डिझेलच्या जुन्या गाड्यांऐवजी विजेवरच्या गाड्या हव्या आहेत. महिला बचत गटांचे म्हणणे असे, की बसस्थानकाची स्वच्छता, उपाहारगृह, पार्सल यांसारखी कामे बाहेरच्या मोठ्या ठेकेदारांऐवजी तालुक्यातील संस्थांना मिळावीत. ज्येष्ठांचे मागणे एकच आहे, आहेत त्या फेऱ्या तरी टिकाव्यात.

माझी अडचण अशी, की या तिन्ही मागण्या एका कागदावर मांडू लागलो की त्या एकमेकींच्या पायात येतात. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आणि महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्मे तिकीट सुरू झाल्यावर सकाळी तालुक्याच्या गावी जाणाऱ्या गाड्या भरून जातात. पण त्याच गाड्या दुपारी सड्यावरून (कातळाच्या उघड्या पठारावरून) चार-सहा माणसे घेऊन धावतात. अशा मार्गावर महागडी विजेची गाडी मागणे शहाणपणाचे ठरेल का? आणि ती भाडेतत्त्वावर आली तर ठेकेदार एकच आणि तोही बाहेरचा असणार, मग स्थानिकांना कामे देण्याच्या मागणीला अर्थ काय उरला? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 : निवृत्त वाहतूक नियंत्रक, सिंधुदुर्ग

मागण्या तिन्ही ठेवा, फक्त त्यांचा क्रम उलटा करा. ज्येष्ठांची मागणी सर्वांत वर घ्यावी, कारण बाकीच्या दोन्ही तिच्यावर उभ्या आहेत.

भाडेतत्त्वावरील गाडीचा व्यवहार आधी समजून घ्या. गाडी, तिची देखभाल आणि चालक ठेकेदाराचे, तिकिटाचे उत्पन्न महामंडळाचे, आणि ठेकेदाराला प्रतिकिलोमीटर ठरलेला दर, बहुधा किमान किलोमीटरच्या हमीसह. म्हणजे गाडीत चाळीस माणसे बसली काय आणि पाच बसली काय, ठेकेदाराच्या बिलात एका पैशाचाही फरक पडत नाही. भारमान (गाडीतील प्रवाशांचे प्रमाण) वाढावे म्हणून वेळापत्रक सुधारण्याची, थांबा हलवण्याची किंवा शाळेच्या घंटेशी गाडी जुळवण्याची तळमळ या करारात कुठेच लिहिलेली नसते. ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. शिवशाही 2017 मध्ये सुरू झाली ती मुंबई–रत्नागिरी याच मार्गावर, आणि त्या ताफ्यातही भाड्याच्या गाड्या होत्या. पुढे 2023 मध्ये 5,150 विजेच्या गाड्यांचे काम एकाच निविदेतून एकाच उद्योगसमूहाकडे गेले.

आता वस्तीच्या गाडीचा विचार करा. कोकणातील वाडी-वस्तीचा दिवस ज्या गाडीने सुरू होतो ती आदल्या रात्री गावात मुक्कामाला आलेली असते. चालक-वाहक देवळात, शाळेच्या पडवीत किंवा कुणाच्या तरी माजघरात झोपतात (माझ्या नोकरीतल्या कित्येक रात्री अशाच गेल्या) आणि पहाटे गाडी भरून निघते. विजेच्या गाडीला मात्र रात्री चार्जिंगसाठी आगारात परत यावे लागते. म्हणजे रात्री एक रिकामी खेप, पहाटे दुसरी रिकामी खेप, आणि त्या रिकाम्या किलोमीटरचेही बिल. पहिल्याच वर्षी कोणीतरी हिशेब मांडतो आणि वस्तीची फेरी कागदावरून पुसली जाते. एकदा ती गेली की प्रवासी वडापकडे, म्हणजे खासगी जीपकडे वळतो, आणि वडापकडे गेलेला प्रवासी सहसा परत येत नाही.

म्हणून निवेदनात असे लिहा, की विजेच्या गाड्या आधी रत्नागिरी–चिपळूण, कणकवली–सावंतवाडी अशा आगार ते आगार मार्गांवर द्याव्यात आणि त्यामुळे मोकळ्या होणाऱ्या सुस्थितीतील डिझेल गाड्या वस्तीच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात.

उत्तर 2 : चिपळूणचा विद्युत अभियंता

वरच्या उत्तराशी सहमत आहे, पण तरुण मंडळींसाठी थोडे आकडे मांडतो, कारण ‘वीज म्हणजे प्रदूषण नाही’ हा समज पक्का झालेला दिसतो.

एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. साधी एसटी लिटरला साडेचार ते पाच किलोमीटर धावते असे धरले, तर एका किलोमीटरला साधारण 0.57 किलो झाला. विजेची मोठी गाडी किलोमीटरला निदान एक युनिट वीज घेते आणि आपल्या देशाच्या ग्रिडमधील एका युनिटमागे आजही सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण त्यातील बहुतेक वीज कोळशाची आहे. डिझेल शुद्ध करण्याचा आणि वाहून आणण्याचा भार धरला तरी दोन्ही बाजू आज जवळपास सारख्याच भरतात. बसस्थानकात उभ्या असलेल्या माणसाच्या नाकातला धूर जातो, घाट उतरताना ब्रेकमधून थोडी वीज परत मिळते आणि ग्रिडमध्ये सौर-पवन वीज वाढत जाईल तसा हिशेब सुधारेल, हे फायदे खरे आहेत. पण केवळ गाडी बदलल्याने आकाश निर्मळ होत नाही.

आता हाच 0.57 किलोचा आकडा माणसांत वाटून पाहा. गाडीत चाळीस प्रवासी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला किलोमीटरमागे 14 ग्रॅम येतात. आठच असतील तर 71 ग्रॅम. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी मोटारसायकल एकट्या स्वाराला घेऊन जाते तेव्हा सुमारे 46 ग्रॅम सोडते. म्हणजे बारा-तेरा प्रवाशांच्या खाली भारमान गेले, की प्रत्येकाने आपापली मोटारसायकल काढलेली पर्यावरणाला स्वस्त पडते, ही गोष्ट मला स्वतःलाही आवडलेली नाही. दुपारी परतणाऱ्या ज्या चार-सहा माणसांच्या गाडीचा आपण उल्लेख केला आहे तिचे इंधन न बदलता केवळ वेळ बदलली आणि तिच्यात वीस माणसे बसली, तर दरडोई हिशेब एक चतुर्थांशावर येतो. एवढा फरक आजच्या ग्रिडवरची कोणतीही बॅटरी करून दाखवणार नाही.

आणखी एक मुद्दा निवेदनात हवाच. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणचे आगार पाण्याखाली गेले, आणि निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड पट्ट्यात कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. चार्जिंगची यंत्रणा पूररेषेच्या वर, उंच चौथऱ्यावर बसवावी आणि वीज गेली तर पर्याय काय हे करारातच लिहावे. घाट दरडीमुळे बंद पडतो त्या दिवसांत किमान किलोमीटरच्या हमीचे पैसे कोणी सोसायचे, हेही आधीच ठरलेले बरे. मुंबईत बसून केलेल्या करारात आपला पावसाळा आपोआप येत नाही.

उत्तर 3 : बचत गटाची हिशेबनीस, दक्षिण रत्नागिरी

ठेक्यांबद्दल लिहिते, कारण आमच्या गटाने एकदा एका सार्वजनिक कार्यालयाच्या सफाईची निविदा भरण्याचा प्रयत्न केला होता. काम आम्हाला येत होते, बायका तयार होत्या. पण मागील तीन वर्षांची उलाढाल आणि बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) वाचूनच आम्ही कागद मिटून ठेवला. दोन जिल्ह्यांतील सगळ्या इमारती एकाच निविदेत बांधल्या होत्या. अट कोणीही मुद्दाम आमच्याविरुद्ध लिहिली नव्हती, तरी परिणाम तोच झाला.

तेव्हा ‘स्थानिकांना प्राधान्य द्यावे’ असे मोघम लिहू नका. त्यावर ‘विचार करू’ एवढेच उत्तर येते. केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालये आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी लागते, त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी असतात. हे धोरण राज्याच्या महामंडळावर आपोआप लागू होत नाही, पण नमुना म्हणून दाखवता येते. आपल्याच राज्यात बांधकामाच्या कामांत मजूर सहकारी संस्थांसाठी हिस्सा राखण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत सरकारी अनुदान घेणाऱ्या परिवहन संस्थांना 1983 पासून वंचित उद्योजकांसाठी 10 टक्क्यांचे राष्ट्रीय उद्दिष्ट समोर ठेवावे लागे. तिथे वंश आणि स्त्रीत्व यांवरून वंचित मानण्याचा नियम 2025 मध्ये काढून टाकण्यात आला. त्यामुळे आपण मागणी कामाच्या आकारावरून करावी असे मला वाटते: प्रत्येक आगाराची स्वच्छता, उपाहारगृह आणि पार्सल यांची वेगळी, लहान निविदा निघावी आणि नोंदणीकृत गटांना बयाणा माफ असावा. बॅटरीची गाडी आम्ही पुरवू शकत नाही. ती धुऊ मात्र शकतो.

एक बारीक गोष्ट राहते. मासळी विकणाऱ्या बायका पाट्या घेऊन जुन्या लाल गाडीने जातात आणि पाटी मागच्या बाजूला ठेवतात. बंद काचांच्या वातानुकूलित गाडीत ती पाटी कोण घेऊ देईल? निम्मे तिकीट मिळूनही त्या बायका रिक्षाने जाऊ लागल्या, तर ते प्रवासी कोणत्या रकान्यात मोजणार?

पुन्हा प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. मसुदा मोडून नव्याने लिहायला घेतला आहे. पहिल्या परिच्छेदात वस्तीच्या फेऱ्या आणि दुपारच्या गाडीची वेळ, दुसऱ्यात आगारनिहाय लहान निविदा, आणि विजेच्या गाड्या तिसऱ्यात, तेही चौथरा, पूर व हमीच्या अटींसह. बारा-तेरा प्रवाशांचा हिशेब तरुण मंडळींना आवडेल असे वाटत नाही, म्हणून येत्या सोमवारपासून आठवडाभर त्यांनाच थांब्यावर वही घेऊन बसवणार आहोत: कोण चढले, कोण उतरले, आणि एसटी समोरून जात असताना कोण वडापमध्ये बसले. मासळीच्या पाट्यांसाठी वहीत वेगळा रकाना आखला आहे.