मदत हवी आहे: फाटकाच्या मोटरला सोलर की घरातली लाईन?

देवगडजवळ, समुद्रापासून अर्धा किलोमीटर. सरकतं फाटक, २४ व्होल्ट डीसी मोटर, घरापासून अंतर ६० मीटर.

हिशोब असा: उघडबंद मिळून ८० वॅट, ४० सेकंद, म्हणजे जेमतेम १ वॅट-तास. दिवसाला १५ वेळा धरलं तरी १५. पण कंट्रोल बोर्ड नि रिसीव्हर ५ वॅट सतत खातात, त्याचेच १२० होतात! खरा खादाड तोच. सूर्य न दिसता तीन दिवस काढायचे तर ४०० वॅट-तास हवेत. लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची म्हटल्यावर २४ व्होल्ट ४० एएच (अँपिअर-तास), लिथियम आयर्न फॉस्फेट २० एएचमध्ये भागेल. आषाढात १०० वॅटचं पॅनल पुरेल?

घरातून २४ व्होल्ट आणणं बाद. अडीच चौरस मिमी तारेत सुरुवातीच्या ८ अँपिअरला ७ व्होल्ट वाटेतच जातात, फाटक अर्ध्यावर अडकणार. २३० आणून चार्जर फाटकापाशी ठेवला तर बॅटरी छोटी चालेल, पण जांभ्यात ६० मीटर चर खणायचा.

सोलरवाल्यांनो, श्रावणापर्यंत बॅटरी तग धरते का? आर्मर्ड (पोलादी कवचाच्या) केबलवाल्यांनो, मृगाच्या विजांत बोर्ड वाचवायला सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारा) दोन्ही टोकांना लावलात की एकाच? खाऱ्या हवेत टर्मिनलला ग्रीस पुरतं का?