जुना स्टोव्ह, नवा वास: जळू द्यावा की आग विझवावी?

निखारा
वापरलेला लोखंडी स्टोव्ह घरी आणून बसवला, पहिल्यांदा लाकडं पेटवली आणि खोलीभर उग्र वास सुटला, की लोक आधी विकणाऱ्याला शिव्या घालतात. माझ्या मते हा वास बहुधा जळून जाण्यासाठीच असतो. जुना माल चकाचक दिसावा म्हणून त्यावर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा फवारा मारलेला असतो. हा रंग हाताला सुकलेला लागतो, पण पक्का होतो तापल्यावरच, आणि तेव्हा धूर सोडतो. नव्या पाइपवरचं तेल जळतं, साचलेली धूळ जळते. खिडक्या उघडा. आधी लहान आग, मग पूर्ण थंड होऊ द्या, मग जरा मोठी, शेवटी चांगली रणरणीत. विषय संपला!

शंकेखोर
रंगाबद्दल सहमत, "विषय संपला" याला सक्त विरोध. कोऱ्या स्टोव्हला तुमचा सल्ला चालेल. वापरलेल्यात आधीच्या मालकाने काय जाळलं, कुणाला ठाऊक? त्यात ओली लाकडं जाळली असतील तर आत आणि जुन्या पाइपमध्ये क्रिओसोटचा, म्हणजे धुरातून साचणारा डांबरट थर असतो. त्याचा वास आंबूस, जळक्या डांबरासारखा येतो आणि दमट हवेत स्टोव्ह थंड असतानाही येतो. धुराडं न झाडता त्याच्यावर तुमची ती "रणरणीत" आग लावली तर थरच पेटतो, आणि मग पाइपात तापमान हजार अंशांच्या घरात जातं. वास घालवायच्या नादात छप्पर घालवाल.

निखारा
धुराडं झाडूनच पेटवायचं हे गृहीत होतं हो. सगळं लिहायचं तर पुस्तक होईल. पण मग प्रत्येक वासाला घाबरायचं का? रंगाचा वास ओळखायची खूण आहे: प्रत्येक आगीगणिक तो कमी होतो, आणि स्टोव्ह आधीपेक्षा जास्त तापला तरच पुन्हा येतो. हे कळलं की निम्मी धास्ती जाते.

शंकेखोर
खूण चांगली आहे, मान्य. पण खोलीत साध्या लाकडाच्या धुराचा वास येत असेल तर तो कितीही आगी दिल्या तरी जाणार नाही. ती गळती आहे. दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरी दबून चपटी झालेली असते. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर दोरी गेली. (फार जुन्या स्टोव्हच्या दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, कोरडी खरवडू नका.) धूर येतोय म्हणजे त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. त्याचा अलार्म बसवल्याशिवाय पेटवूच नये, असं माझं ठाम मत.

भिंतीमागे
दोघेही स्टोव्हकडेच बघताय. आग लावून तास-दीड तास झाल्यावरच वास येत असेल तर मागच्या भिंतीला हात लावून बघा. लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं की कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं, त्यामुळे आज नुसता वास आला म्हणून निश्चिंत राहता येत नाही. जुन्या स्टोव्हवरची माहितीपट्टी बऱ्याचदा गायब असते, आणि किती अंतर सोडायचं हे तिच्यावरच लिहिलेलं असतं. चाचणीचा शिक्का नसलेल्या स्टोव्हसाठी अमेरिकेतलं एनएफपीए २११ हे अग्निसुरक्षेचं मानक जळाऊ भिंतीपासून ३६ इंच सांगतं. लोक हातभर सोडून मोकळे होतात.

निखारा
हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. असा वास आला तर आग विझू द्यायची, वाद नाही. बाकी रंगाच्या वासाला माझं औषध तेच.

काजळी
जस्ताचा मुलामा दिलेला पाइप कुणी लावला असेल तर तोही बदला. जास्त तापला की अपायकारक धूर सोडतो, आणि स्वस्तात मिळतो म्हणून लोक हमखास तोच लावतात.

नवखी
आमच्याकडे उलटंच आहे. पेटवलेला असताना काही नाही, विझून गार झाला की ओल्या राखेचा वास येतो. हाही रंगच का?

शंकेखोर
नाही, ताई. धुराड्यातली हवा उलटी खाली येतेय. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असतानाच येतो का ते बघा. तो बंद करून एखादी खिडकी किलकिली ठेवा. वास थांबला तर घरात बाहेरून हवा यायला वाट कमी आहे.

निखारा
आणि राख काढून टाका आधी. पंख्याचं नंतर बघू.